चित्र आवडतं, पण का आवडतं ते सांगता येत नाही. बघायला कसं शिकावं? (नाशिक, बजेट १,५००)

इंदिरानगरकर
नमस्कार मंडळी. मला चित्र काढायला शिकायचं नाही, बघायला शिकायचं आहे. लहानपणी आमच्या देवघराशेजारी निरांजन घेतलेल्या बाईचं चित्र होतं. कॅलेंडरचंच, आईने कापून फ्रेम करून घेतलेलं. ते अजूनही कुठे दिसलं की माझे पाय थांबतात. दुसरं आवडतं डच चित्रकार व्हर्मीरचं, दूध ओतणाऱ्या बाईचं. तिसरी जपानी चित्रकार होकुसाईची मोठी लाट. का आवडतात असं भाचीने विचारलं तर 'छान आहेत' याच्या पुढे मला एक शब्द सुचला नाही. त्याची फार रुखरुख लागली आहे. रचना, तोल, छायाप्रकाश हे शब्द माहीत आहेत, पण चित्रात बोट कुठे ठेवायचं ते कळत नाही.
नाशिकमधला वर्ग, मराठी पुस्तक, काहीही सुचवा. बजेट १,५०० रुपये. मेडिकलचं दुकान सांभाळते, त्यामुळे वेळ फक्त रविवारी.

सातपूरकर
ताई, घ्यायचं तर एकदाच चांगलं घ्या. मी जागतिक चित्रकलेचा मोठा इंग्रजी ग्रंथ ४,२०० ला घेतला. पाच वर्षं झाली, शिवण अजून घट्ट आहे. पानभर चित्रं, कागद जाड. स्वस्त पुस्तकात लाल रंग विटकरी दिसतो, मग कसलं आलंय विश्लेषण. दोन महिने थांबा, पैसे साठवा, पण तेच घ्या.

इंदिरानगरकर
दादा, १,५०० च आहेत. आणि इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो.

पवननगर_सिडको
पुस्तक घ्या नाहीतर नका घेऊ, ऑनलाइन कोर्स मात्र अजिबात नको. मी ६,५०० भरले. सगळ्या व्हिडिओंत एकच: चित्र आलं की त्यावर सोनेरी गुणोत्तराचं (साधारण १ ला १.६ या प्रमाणाचं) शंखासारखं वळणारं सर्पिल ठेवायचं आणि म्हणायचं, बघा बसलं. बसणारच! उलटं करा, आडवं करा, कुठे ना कुठे बसतंच. चित्रकाराने ते का केलं याबद्दल अक्षर नाही. पैसे परत मागितले तर उत्तरही आलं नाही. अजून जीव जळतो.

आर्किटेक्ट_गंगापूररोड
सोनेरी गुणोत्तराला नावं ठेवू नका. मी वीस वर्षं घरांचे दर्शनी भाग त्यावरच बसवतोय आणि लोक थांबून बघतात. कोर्स वाईट असेल, गुणोत्तर वाईट नाही.

पवननगर_सिडको
घर तुम्ही स्वतः मोजून बांधता. व्हर्मीरने मोजलं होतं का, हा प्रश्न आहे.

निवृत्त_कलाशिक्षक
व्हर्मीरने मोजलं होतं, पण वेगळ्या पद्धतीने. चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, दूध ओतणारीचं चित्र काढा आणि पट्टी घ्या. डावीकडच्या खिडकीच्या चौकटीच्या ज्या तिरप्या रेषा आत जातात, त्या पुढे वाढवा. सगळ्या तिच्या उजव्या हाताच्या जरा वर एका बिंदूला येऊन मिळतील. मूळ कॅनव्हासवर त्या जागी टाचणीचं बारीक भोक सापडलं आहे. तिथे टाचणी खोचून दोरा ताणायचा आणि रेषा आखायच्या, अशी ती पद्धत. म्हणजे अख्खी खोली तुमची नजर जिथे नेऊन सोडते, तिथून बोटभर खाली दुधाची धार आहे. त्या चित्रात हलणारी वस्तू तेवढीच.

आता डोळे किलकिले करून बघा. खिडकीजवळची भिंत सावलीत आहे, आणि तिच्यावर बाईचा उजेडातला खांदा येतो. दुसऱ्या बाजूला भिंत लख्ख, आणि तिच्यावर बाईची काळोखातली बाजू. उजळावर गडद, गडदावर उजळ. आकृती भिंतीतून सुटून पुढे येते ती यामुळे, नुसत्या रेषेने येत नाही. आम्ही मुलांना 'उठाव' म्हणून शिकवायचो तो हाच.

करायचं एवढंच: काडेपेटीएवढा चौकोन काढा, पेन्सिलीने तीन छटा भरा. कागदाचा पांढरा, मधला करडा, गडद. नाक-डोळे नकोत, टोपली नको, फक्त डाग. असे पाच चौकोन झाले की चित्राचा सांगाडा हाती लागतो. खर्च वही-पेन्सिलीचा.

मखमलाबाद_नाका
सर, फार छान. ताई, एक सुचवते, डोळे किलकिले करून बघत जा. गडद-उजळ लगेच कळतं. मी नेहमी करते.

देवळाली_कॅम्प
निरांजनवाली म्हणजे राजा रविवर्मांचीच ना? आमच्याकडेही होती. मग रविवर्म्यांवरचं एखादं पुस्तक घ्या, मराठीत आहेत. त्यात सगळं आलं.

सावंतवाडीचा_नाशिककर
नाही हो, नाही! ते एस. एल. हळदणकरांचं. हा गैरसमज ऐकला की फार वाईट वाटतं. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, आणि हे चित्र १९४५-४६ मधलं. हळदणकर आमच्या सावंतवाडीचे. चित्रासाठी त्यांची स्वतःची मुलगी उभी राहिली होती. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. रविवर्म्यांची चित्रंही त्याच वास्तूत आहेत, म्हणून लोकांचा घोटाळा होत असावा.

देवळाली_कॅम्प
माहीत नव्हतं. तरी तेलरंगातली ती चमक बघून रविवर्माच वाटतात.

सावंतवाडीचा_नाशिककर
तेलरंगही नाहीत. जलरंग! मी म्हैसूरला जाऊन बघून आलोय, पाऊण तास समोर उभा होतो. ज्योतीसमोर धरलेल्या हाताची बोटं आतून लालसर झाली आहेत, टॉर्चवर पंजा ठेवल्यावर होतात तशी. तेलरंगात उजेड वरून थापता येतो. जलरंगात उजेड म्हणजे खालचा कागद. तो सुरुवातीपासून राखावा लागतो, एकदा गेला की गेला. ताई, म्हैसूरला जा. छापील प्रतीत यातलं काही उतरत नाही.

इंदिरानगरकर
बोटांचं वाचून अंगावर काटा आला. लहानपणी मी दिवे गेल्यावर टॉर्चवर हात ठेवून अगदी हेच बघायचे. म्हैसूर या वर्षी जमणार नाही, दुकान बंद ठेवता येत नाही.

पंचवटीकर
एवढ्या लांब कशाला? आपल्या नाशिकचे शिवाजी तुपे सर. गोदाघाटाची त्यांची जलरंगचित्रं बघा, आणि रविवारी सकाळी घाटावर जा. नारोशंकराच्या देवळासमोर उभं राहून विचारायचं: समोर एवढं सगळं दिसतंय, यातलं चित्रकार काय घेईल आणि काय सोडेल? समोर छत्र्या, वायरी, गाड्या, फलक, कपड्यांच्या दोऱ्या, पाचशे माणसं. चित्रात येतात चार. रचना म्हणजे निम्मं टाकून देणं, हे मला घाटावर कळलं, पुस्तकात नाही. जलरंगाची पेटी आणि एक गोल ब्रश घ्या, १,५०० त आरामात बसतं.

इंदिरानगरकर
दादा, मला काढायचं नाही, बघायचं आहे. पण 'काय सोडलं' हे लिहून ठेवलं.

पंचवटीकर
काढल्याशिवाय बघता येत नाही, ताई. हे माझं ठाम मत आहे.

निवृत्त_कलाशिक्षक
पंचवटीकर, 'काय सोडलं' हा मुद्दा लाखाचा. ताईंच्या दूधवालीतही तेच आहे. २०२२ मध्ये, हे चित्र जिथे आहे त्या ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयाने सांगितलं की व्हर्मीरने तिच्या डोक्यामागे सुरया टांगायची फळी रंगवायला घेतली होती, आणि खाली उजवीकडे शेगडीची टोपली होती. दोन्ही त्याने झाकून टाकलं. आज तिच्यामागे मोकळी भिंत आहे ती कमावलेली मोकळी भिंत आहे. त्याने ठेवला तो एक खिळा, त्याच्या सावलीसकट.

कॉलेजरोड_बीएफए
लाटेबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मोबाइलवर चित्र घ्या आणि एडिटमध्ये जाऊन डावं-उजवं उलटं करा. आपली नजर डावीकडून उजवीकडे वाचायला सरावलेली, म्हणून मूळ चित्रात आपण लाटेबरोबर पुढे जातो. जपानी लिखाण उजवीकडून डावीकडे जातं, त्या नजरेने बघितलं तर आपण होड्यांबरोबर येतो आणि लाट समोरून अंगावर येते. उलटं केल्यावर मला पहिल्यांदा नावाड्यांची भीती वाटली, तोवर मी त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं! आणि मधल्या खळग्यात फुजी पर्वत आहे, लाटेच्या टोकाएवढ्याच पांढऱ्या शेंड्याचा. एवढा मोठा डोंगर बोटाएवढा करून ठेवला म्हणून लाट डोंगराएवढी झाली.
मूळ छापा साधारण २५ × ३७ सेंमी, ए-थ्री कागदापेक्षा लहान. हे मी कॉलेजात सांगितलं तेव्हा कुणाला खरं वाटेना.

मखमलाबाद_नाका
मोबाइलवर चित्र कृष्णधवलही करता येतं. मग डोळे किलकिले करायलाही नको.

सातपूरकर
मोबाइलच्या पडद्यावर रंग खोटे असतात. ग्रंथातच बघावं.

जेलरोड_नाशिकरोड
सकाळची पंचवटी एक्सप्रेस धरा आणि मुंबईला जा. काळा घोड्याला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, जवळच जहांगीर कलादालन, समोर वस्तुसंग्रहालय. संध्याकाळी त्याच गाडीने परत. फक्त सोमवारी जाऊ नका. मी कामातून सुट्टी काढून सोमवारी गेलो, आधुनिक कला संग्रहालयाचं दार बंद. खूप चडफडलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा एका चित्रासमोर वीस मिनिटं बसलो आणि पुस्तकाचं नावही आठवलं नाही.

अशोकस्तंभ
इंटरमिजिएटच्या परीक्षेतलं स्मरणचित्र आठवतंय का कुणाला? मी तेच करतो. चित्र दहा मिनिटं बघायचं, झाकायचं, आणि आठवेल ते काढायचं किंवा नुसतं लिहायचं. मग ताडून बघायचं. अमृता शेरगिलच्या 'तीन मुली'चं केलं तर मी त्या एकमेकींशी बोलताहेत असं लिहिलं होतं. उघडून बघितलं तर एकीचीही नजर दुसरीकडे नाही. तिघी खेटून बसलेल्या, आणि प्रत्येक जण एकटी. मागे घर नाही, झाड नाही, नजरेला पळायला वाटच ठेवलेली नाही. १९३५ चं चित्र आहे. माझ्या बहिणींच्या लग्नांच्या वेळचं घर आठवलं आणि त्या दिवशी दुसरं काही सुचलं नाही.

इंदिरानगरकर
दादा, तुमचं हे वाचून थोडा वेळ गप्प बसले.

आर्किटेक्ट_गंगापूररोड
लाटेवर सोनेरी सर्पिल अचूक बसतं, हे नमूद करतो.

पवननगर_सिडको
पुन्हा तेच. बसतं हे मान्य. त्याने नावाड्यांची भीती कळते का? ती चित्र उलटं केल्यावर कळली.

वाचनालयाचा_सभासद
सावानात बघितलं का कुणी? आपलं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे. सभासद व्हा, कलेचं कपाट विचारा. विकत कशाला घ्यायचं? माझं अर्धं आयुष्य तिथल्या बाकांवर गेलंय.

सातपूरकर
वाचनालयाच्या पुस्तकात पानं फाटलेली असतात.

वाचनालयाचा_सभासद
फाडणारे सभासदच असतात, साहेब. वाचनालय काय करणार.

इंदिरानगरकर
(तीन आठवड्यांनी) मंडळी, सगळ्यांचं वाचलं, वहीत उतरवलं. तरी तुमच्यापैकी कुणीच सांगितलं नाही ते केलं, रागावू नका.

मास्तरांचं वाचल्यावर दूधवालीचं मूळ माप शोधलं. ४५.५ × ४१ सेंमी, दीड फूटही नाही. आणि मी इतकी वर्षं तिला भिंतभर समजत होते. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या साइटवर चित्र मोठ्या आकारात फुकट उतरवून घेता येतं. ते घेतलं आणि डिजिटल प्रिंटवाल्याकडून अगदी त्याच मापाचं छापून आणलं. जाड मॅट कागद, २८० रुपये. छापील प्रतीत रंग खरे नसतात हे सगळ्यांनी सांगितलंय आणि ते बरोबर आहे, तिचा निळा जरा जांभळट आलाय. पण माप खरं आहे, आणि मला ते हवं होतं.

स्वयंपाकघरात लावलंय. आमची खिडकी ओट्याच्या उजव्या हाताला, म्हणून चित्र समोरच्या भिंतीवर घेतलं. तिथला ताटाळा हलवावा लागला, सासूबाई दोन दिवस नाराज होत्या. आता सकाळी चित्राकडे तोंड केलं की आमचा उजेडही डावीकडूनच येतो, चित्रातल्यासारखा.

वर्ग नाही, ग्रंथ नाही. वर्षभर हे एकच. रोज सकाळी दूध तापेपर्यंत बघते, मग पाठ करून एक ओळ लिहिते. काल लिहिलं: खिडकीची एक काच फुटकी आहे, आणि तेवढ्याच तुकड्यातून उजेड जास्त पांढरा येतो. परवा लिहिलं: ती दुधाकडे बघतेय, माझ्याकडे कधीच बघणार नाही, म्हणून तिच्याकडे हवा तितका वेळ बघता येतं. हे रचनेत मोडतं का माहीत नाही, पण भाचीला सांगितलं तर ती उठून चित्राजवळ गेली.

निवृत्त_कलाशिक्षक
मोडतं, ताई. पूर्णपणे मोडतं. पट्टी लावून बघितली का?

इंदिरानगरकर
लावली, सर. चित्रावर दोरा ताणून. खिडकीच्या तीन रेषा जमल्या, चौथी जरा वर जातेय. रविवारी पुन्हा ताणते.

सातपूरकर
ताई, माझा ग्रंथ महिनाभर घेऊन जा. व्हर्मीरची सहा पानं आहेत. फक्त ओट्याजवळ नेऊ नका.