पहिलीतली लेक शब्दाच्या मधेच कॅपिटल काढते, काय करू?

सिन्नरची_आई:
माझी मुलगी पहिलीत आहे, सेमी इंग्रजी. घरी पूर्ण मराठी, आम्ही दोघंही मराठी मीडियमचे. शाळेत ज्युनिअरला कॅपिटल आणि सिनिअरला स्मॉल एबीसीडी घेतली, दोन्ही येतात तिला, म्हणजे छोटा जी काढ म्हटलं की काढते, पण वाक्य लिहायला बसली की सगळा गोंधळ. रॅबिटमधले दोन्ही बी कॅपिटल, डॅडीमधले तिन्ही डी कॅपिटल, आणि जिथे खरंच कॅपिटल पाहिजे तिथे, वाक्याच्या सुरुवातीला, छोटं अक्षर. स्वतःचं नाव कधी मोठ्याने कधी छोट्याने. मागच्या आठवड्यात बाईंनी वहीत लाल पेनने 'केअरलेस' लिहून पाठवलंय. पोरगी जीभ बाहेर काढून तासभर लिहीत बसते हो, तिला केअरलेस कसं म्हणायचं? मी घरी चुकलेला शब्द पाच पाच वेळा लिहून घेते, दुसऱ्या दिवशी परत तेच. सासूबाई म्हणतात येईल आपोआप.
अजून एक, आपल्या मराठीत हा प्रकारच नाही तर तिला समजवायचं कसं? परवा विचारत होती की सूर्य एवढा मोठा मग सन छोट्या एसने का आणि आय एकटाच आहे तरी मोठा का. मला काही सांगता येईना.

खोडरबर:
आमच्याकडे नवरा ऑफिसच्या सगळ्या मेल कॅपिटलमध्येच लिहितो, त्याला वाटतं छान ठळक दिसतं. तुमच्या लेकीला भरपूर वेळ आहे ताई 😄

केजीवाली_टीचर:
ताई, पाच वेळा लिहून घेणं आधी बंद करा. चुकीची पद्धतच पाचदा घोटली जाते त्याने. त्याऐवजी एक काम करा, तिच्या वहीची मागची पानं काढा आणि शब्दाच्या मधे नेमकी *कोणती* अक्षरं कॅपिटल येतात ते बघून इथे लिहा. सगळी सव्वीस येत नसणार, पैज लावते.

सिन्नरची_आई:
हो की! बघितलं आत्ता. बी आणि डी तर जवळजवळ नेहमीच. आर, जी बऱ्याचदा. ए कधीकधी. ओ, सी, एस कुठेच नाहीत, टी आणि एनसुद्धा बरोबर आहेत.

केजीवाली_टीचर:
वाटलंच होतं. ओ, सी, एस (आणि व्ही, डब्ल्यू, एक्स, झेड पण) यांचं मोठं आणि छोटं रूप सारखंच, फरक फक्त उंचीचा, त्यामुळे तिथे चुकलं तरी आपल्याला दिसत नाही. ते सोडा.

खरी गंमत बी-डीची आहे. छोटा बी आणि छोटा डी एकमेकांचे आरशातले, पोट कुठल्या बाजूला काढायचं हे प्रत्येक वेळी ठरवावं लागतं. कॅपिटल बी आणि कॅपिटल डी या दोघांचं पोट उजवीकडेच, ठरवायला काही लागत नाही. म्हणजे तुमची लेक निष्काळजी नाहीये, जिथे चुकायची भीती आहे तिथे ती खात्रीचं अक्षर वापरतेय. उलट हुशारी आहे ही. बऱ्याच मुलांचं हेच असतं, आणि सात साडेसात वर्षांपर्यंत बी-डी उलटसुलट होणं अगदी कॉमन आहे. त्यानंतरही राहिलं आणि सोबत वाचायलाही जड जात असेल तर मात्र दाखवून घ्यायचं कुणाला तरी.

याचं मूळ बहुतेक वेळा केजीत असतं. आम्हाला स्टँडिंग लाइन, स्लीपिंग लाइन, स्लँटिंग लाइन, कर्व्ह असं शिकवायची सवय, मग छोटा बी म्हणजे स्टँडिंग लाइन आणि पोट, छोटा डी म्हणजेही स्टँडिंग लाइन आणि पोट. दोन्हीची सुरुवात एकच झाल्यावर पोरं काय करणार? छोटा डी असा शिकवा: आधी सी काढ, पेन्सिल न उचलता वर जा, सरळ खाली ये. सी तिला पक्का येतोच. छोट्या ए-ची आणि जी-चीही सुरुवात तीच, सीने. बी मात्र वरून दांडी, मग तिच्यावरूनच परत वर येऊन पोट. हाताला दोन वेगळ्या सुरुवाती मिळाल्या की डोक्याला आठवत बसावं लागत नाही. बी आणि डी एकाच दिवशी शेजारी शेजारी घेऊ नका, आधी आठवडाभर डी आणि त्याची मंडळी, बी नंतर.

लिहिताना अडली तर दोन्ही मुठी समोर धरून बोटांची पेरं एकमेकांना टेकवायची आणि अंगठे वर करायचे. डावी मूठ बी, उजवी डी, मधे ई धरला की बेड. परीक्षेतही करता येतं बाकाखाली.

जी खाली लोंबतो म्हणून टाळत असेल. ए-चं कारण वेगळं असू शकतं, गोष्टीच्या पुस्तकात छापलेला छोटा ए डोक्यावर टोपी घातल्यासारखा असतो आणि वहीत आपण काढतो तो गोल पोट आणि दांडी. दोन्ही ए-च आहेत हे तिला कुणी सांगितलंय का विचारा.

झेडपी_गुरुजी:
टीचर मॅडमना +१. आमच्या वर्गात अजून एक दिसतं जे शहरात फारसं कुणी बोलत नाही. मराठी अक्षर वरच्या रेघेला लटकतं, दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखं, इंग्रजी अक्षराला पाय टेकायला खालची रेघ लागते. ज्या पोरांचा हात आधी मराठीवर बसलाय ती चार रेघी वहीतही इंग्रजी अक्षरं वरून लटकवतात, मग एच आणि एन एकाच उंचीचे, पी आणि जी खाली जायच्या ऐवजी वरच बसलेले. कॅपिटल-स्मॉल कळतच नाही अशा लिखाणात, कारण छोटं-मोठं हे मुळात रेघेवरून ठरतं. मी पहिल्यांदा अक्षर न काढता नुसत्या रेघा ओळखायला लावतो. ही वरची लाल, या दोन निळ्या, ही खालची लाल. कॅपिटल सगळी वरच्या लालपासून दुसऱ्या निळीवर उभी. ए, सी, ई, एम, एन, ओ ही मंडळी दोन निळ्यांच्या मधे. बी, डी, एच, के, एल वर डोकं काढणारी. जी, जे, पी, क्यू, वाय खाली पाय सोडणारी. पोरांना उभं करून करायला लावा, हात वर, कमरेवर हात, खाली बसा. मी अक्षर म्हणतो, ती करतात. लाज वाटते पहिल्या दिवशी, मग घंटा झाली तरी थांबत नाहीत.

पाटी असेल घरी तर तीच बरी, वहीत चुकलं की खाडाखोड दिसते म्हणून पोरं घाबरतात.

पाचवीपासून_इंग्रजी:
आमच्या पिढीला पहिली लिपी, दुसरी, तिसरी, चौथी अशा चार लिप्या होत्या, पाचवीत एकदम. मोठी छापील, लहान छापील, मोठी वळणाची, लहान वळणाची. तिसरी लिपी सुंदर यायची सगळ्यांना आणि कुठे वापरायची ते कुणालाच माहीत नव्हतं. २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो, आम्हा मास्तर लोकांचीच तारांबळ.
माझं मत थोडं वेगळं. केजीत कॅपिटल आधी घेतात तिथेच चुकतं. वाचायच्या पुस्तकात बहुतेक सगळी अक्षरं छोटी असतात, मग सुरुवात छोट्यापासून का नको? मॉंटेसरीवाले खरखरीत कागदाची अक्षरं देतात बोट फिरवायला, ती छोटीच असतात.

केजीवाली_टीचर:
सर, दोन्ही बाजू आहेत. एल, टी, एच, ई ही कॅपिटल सरळ रेघांची, चार वर्षांच्या बोटांना सोपी. शिवाय मूल आजूबाजूला बघतं ते कॅपिटलच, गाडीची नंबर प्लेट, दुकानाची पाटी, कॉम्प्युटरचा कीबोर्ड. म्हणून कॅपिटलने सुरुवात करणं मला चूक वाटत नाही, त्यात वर्षभर अडकून बसणं चूक वाटतं. तोपर्यंत हाताला कॅपिटलची एवढी सवय होते की छोटं अक्षर परकं वाटतं. आणि सगळ्याच्या वर, चार वर्षांच्या मुलाला पानं भरायला लावणंच मुळात नको, माती, कात्री, मणी ओवणं हे आधी. पण पालक विचारतात ना 'आज काय लिहून घेतलं'.

म्युनिककर:
आमची गंमत ऐका. मुलगा इथे ग्रुंडशूलेला, म्हणजे प्राथमिक शाळेत, चौथीत. जर्मनमध्ये प्रत्येक नाम कॅपिटलने, कुत्रा, टेबल, भूक, आनंद सगळं. आणि 'मी' मात्र छोट्याने, उलट समोरच्याला आदराने 'आपण' म्हणायचं तर कॅपिटल! तिसरीत इंग्रजी सुरू झालं तेव्हा त्याचं वाक्य म्हणजे डॉग मोठा, बॉल मोठा, आय छोटा. वर 'इंग्लिश बुक' लिहिताना इंग्लिश छोट्या ई-ने, कारण जर्मनमध्ये विशेषण छोटं. तीन भाषांत तीन कायदे, मराठीत कायदाच नाही, त्यामुळे मराठी त्याला सगळ्यात आवडते 😂
सांगायचं हे की लेकीला "असंच असतं" सांगायला घाबरू नका, हा प्रत्येक भाषेचा आपापला रिवाज आहे. आयचं म्हणाल तर एकटा बारीक आय हस्तलिखितात हरवून जायचा म्हणून लांब काढायला लागले असं सांगतात. मुलाला हे कारण फार पटलं.

झेडपी_गुरुजी:
सूर्याचं उत्तर मी देतो. पोरांना वाटतं मोठी वस्तू, मोठं अक्षर. 'स्मॉल' 'कॅपिटल' ऐवजी आपण छोटं-मोठं म्हणतो त्यानेच होतं हे. आकाराशी संबंध नाही, *नाव ठेवलंय का* एवढंच बघायचं. आमचा खेळ असा, मी कुत्रा म्हटलं की खाली बसायचं, मोती म्हटलं की उभं राहायचं. नदी, बसा. गोदावरी, उठा. गाव, बसा. सिन्नर, उठा. मग एखादं पोर विचारतंच की गुरुजी माझ्या शेळीचं नाव शेळीच आहे, तर काय करू. तिथे तास संपतो.

पहिलीला तीनच गोष्टी पुरे. वाक्याची सुरुवात, नाव, आणि आय. वार-महिने दुसरीत घ्या. समर-विंटर छोटे आणि मंडे-संडे मोठे हे तर मोठ्यांचंही चुकतं.

केजीवाली_टीचर:
+१ आणि लिहिता लिहिता टोकू नका. एवढ्या लहान मुलाला स्पेलिंग आठवणं, अक्षर काढणं, रेघ सांभाळणं यातच दमायला होतं, त्यात कॅपिटलचा नियम मधे आला की सगळंच कोसळतं. वाक्य पूर्ण लिहू द्या कसंही. मग हिरवा खडू तिच्याच हातात द्या आणि म्हणा आता तू बाई, वहीत सुरुवात, नाव, आय शोध. स्वतःची चूक सापडली की पोरं खूश होतात, आपण दाखवली की रडतात.
शाळेतल्या बाईंशी पण बोला एकदा, भांडायला नको, फक्त सांगा की बी-डीवर काम चालू आहे, तेवढे दिवस मधले कॅपिटल बी-डी लाल करू नका. चांगल्या असतील तर ऐकतील.

सिन्नरची_आई:
खूप आभार सगळ्यांचे. आज सीपासून डी काढून घेतला, पहिले चार वाकडे आणि मग एकदम म्हणाली अगं हा तर सीच आहे उभा राहिलेला. मोती-कुत्रा खेळात सासूबाईपण उठबस करत होत्या, गुडघे दुखतात तरी. एकच शंका, दुसरीत शाळा कर्सिव्ह सुरू करणार म्हणतात, घरी आत्तापासून थोडं थोडं घेऊ का?

केजीवाली_टीचर:
नको. शाळा करेल तेव्हा करेल. आत्ता डीनंतर बी घ्या, बस.

पाचवीपासून_इंग्रजी:
मी घ्या म्हणेन 🙂 कर्सिव्हमध्ये बी आणि डीची वळणं इतकी वेगळी की घोटाळा होतच नाही. पण मॅडम रागावतील.

केजीवाली_टीचर:
रागावले. 😄 अहो सर, कर्सिव्हचा कॅपिटल जी आणि एस तिला दाखवा आणि मग सांगा.