पंखाच्या डिस्कमध्ये (अळीतली भावी पंखाची ऊती) जुळा ठिपका दिसतो, म्यूटंट क्लोन दिसत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, इथे फळमाश्यांवर काम करणारं कुणी आहे का? आमच्या लॅबमध्ये मोझेइक (एकाच माशीत धड आणि म्यूटंट पेशींचे ठिपके) करणारी मी एकटीच आहे.

माझं जनुक तिसऱ्या गुणसूत्राच्या उजव्या भुजेवर आहे. दोन्ही प्रती बिघडल्या की अळी लहानपणीच मरते, त्यामुळे पंखात ते काय करतं हे बघायला क्लोनशिवाय (एका म्यूटंट पेशीपासून वाढलेला ठिपका) इलाज नाही. एफआरटी ८२बी (उजव्या भुजेच्या बुडाशी असलेली जागा, जिथे जोडीची गुणसूत्रं तुकड्यांची अदलाबदल करतात) वापरते, जोडीच्या धड गुणसूत्रावर जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन). अंडी घातल्यावर ४८ तासांनी ३७ अंशांवर तासभर हीट शॉक (त्याने ही अदलाबदल सुरू होते), आणि अळ्या बाटलीच्या भिंतीवर चढल्या की डिस्क काढते.

दुप्पट हिरवे ठिपके (जुळे, दोन्ही प्रती धड असलेले) छान मोठे येतात. शेजारी काळं (जीएफपी नसलेला म्यूटंट क्लोन) मात्र काहीच नाही, फार तर दोन-चार पेशी, त्याही तळाशी ढकललेल्या. नुसत्या एफआरटीच्या कंट्रोलमध्ये काळे-हिरवे सारख्याच आकाराचे येतात.

सर म्हणतात, "पेशी जगायला लागणारं जनुक आहे, लिहून टाक." मला पटत नाही. अलील (जनुकाचा हा बिघडलेला प्रकार) जुन्या ईएमएस स्क्रीनमधला आहे, म्हणजे रसायनाने सरसकट म्यूटेशन घडवून शोधलेला. क्लोनमध्ये एफआरटीच्या पलीकडची अख्खी भुजा दुहेरी होते (दोन्ही प्रती म्यूटंट गुणसूत्राच्या), तिथे दुसरंच घातक म्यूटेशन असलं तर? की या पेशी एरवी तगल्या असत्या, पण धडधाकट शेजाऱ्यांशी स्पर्धेत हरतात? मिनिट (शेजारी पेशींची वाढ मंदावणारं म्यूटेशन) करू की थेट मार्कममध्ये (फक्त म्यूटंट क्लोन चमकवणारी पद्धत) पी३५ (पेशीमृत्यू रोखणारं प्रथिन)?

प्रतिसाद: आधी रेस्क्यू. जनुकाची धड प्रत असलेला जीनोमिक तुकडा घालून हेच क्लोन कर. काळे ठिपके परत आले तर दुसऱ्या म्यूटेशनची शंका मिटली.

मग मिनिट. आरपीएस३ हे मिनिट म्यूटेशन असलेला ८२बी स्टॉक घे. जुळा ठिपका दिसणार नाही, कारण मिनिट दुहेरी झालेल्या पेशी मरतात. अळ्याही रेंगाळत वाढतात, तेव्हा तासांवर जाऊ नकोस.

पी३५ची घाई नको. मरू न दिलेल्या पेशी विंगलेस आणि डीपीपी हे वाढीचे संकेत सोडत राहतात, आसपासची ऊती फुगते, आणि तो फेनोटाइप तू जनुकाच्या नावावर मांडशील. त्यापेक्षा हीट शॉक ७२ तासांनी दे. क्लोन लहान येतील, पण नाहीसे व्हायच्या आत सापडतील. त्यांच्यावरच डीसीपी-१चं स्टेनिंग (मरणाऱ्या पेशी दाखवणारं) कर.

मूळ प्रश्नकर्ती: खूप आभार! रेस्क्यू लाइन आहे, पण तीही तिसऱ्यावरच, डाव्या भुजेवर. चालेल?

प्रतिसाद: चालेल. ८२बीची अदलाबदल उजव्या भुजेपुरतीच असते, डावीकडची प्रत क्लोनमध्येही एकच राहील. फक्त ती म्यूटंट गुणसूत्रावर रिकॉम्बाइन करून (दोन्ही एकाच गुणसूत्रावर आणून) घे, म्हणजे क्रॉस सोपा पडेल.