मदत हवी आहे: चिनी बशी खरंच जुनी की नक्कल?

मडगावला आजोळचं कपाट आवरताना निळ्या नक्षीची चिनी बशी हाती लागली. मामा म्हणतो, पोर्तुगीज काळात मकाववरून, म्हणजे चीनच्या किनाऱ्यावरच्या त्यांच्या वसाहतीतून आलेली. (मामाच्या मते घरातला पाटासुद्धा पोर्तुगीज काळातलाच!) बुडाशी सहा चिनी अक्षरं आहेत, ताडून पाहिली तर कांगशी बादशहाची, म्हणजे १६६२ ते १७२२ ची खूण. पण ही खूण पुढच्या कारागिरांनीही सर्रास घातली, आणि निर्यातीच्या जुन्या मालावर बहुधा खूणच नसायची, म्हणून उलट शंका येते. बुडाच्या कड्याला झिलई नाही, तिथला मळ मात्र सगळीकडे एकसारखा, चहाच्या पाण्यात बुडवल्यासारखा. वर सुरी-चमच्याचा एक ओरखडा नाही. जाणकारांनो, भिंगातून नेमकं काय पाहू?