बोलेरोत बायोडिझेल टाकायचं तर टायमिंग बदलावं लागतं का?

जतचा_बोलेरोवाला
२००४ ची बोलेरो डीआय आहे. कॉमन रेल नाही, जुना मेकॅनिकल पंप. मेव्हण्याचा मिरजेत फरसाणचा धंदा आहे. त्याचं तळणीचं उरलेलं तेल एक जण नेतो आणि बायोडिझेल करून विकतो. तो म्हणतो थेट शंभर टक्के टाका. आमचा मिस्त्री म्हणतो पंप उतरवून टायमिंग, म्हणजे इंजिनात इंधन फवारण्याची वेळ, मागे घ्यावं लागेल. कुणाचं ऐकू? आणि तेल नुसतं गाळून टाकलं तर?

नोझलपंपवाले_काका
गाळलेलं तेल अजिबात नको. डिझेलच्या दहापट दाट असतं, नोझलातून फवारा न उडता धार पडते. मग कार्बन धरतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चाललं होतं, हे प्रत्येक गिऱ्हाईक मला ऐकवतं. अहो, तुम्हाला जतहून सांगलीला जायचंय, प्रदर्शनात उभं राहायचं नाही.

टायमिंगला हात लावू नका. बायोडिझेल कमी दबतं, म्हणून जुन्या पंपात इंजेक्शन किंचित आधी होतं. मिस्त्रीचं तेवढं खरं. पण २० टक्के मिसळलंत तर कानाला फरक कळणारसुद्धा नाही. तेवढ्यावरच थांबा.

खरं काम रबराचं. माझ्याकडे एक गाडी आली होती, रोज सकाळी एअर धरायची, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरायची. दोघांनी पंप उघडून पाहिला होता. निघालं काय, तर रिटर्नचा, म्हणजे उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा, वीतभर पाइप. फुगून इतका मऊ झालेला की दाबला तर बोट काळं. जुने रबरी पाइप आणि ओ-रिंगा काढून वायटॉनच्या, म्हणजे इंधनाने न फुगणाऱ्या रबराच्या टाका. महाग पडतात, पण एकदाच.

आणि बायोडिझेल टाकीतला वीस वर्षांचा गाळ सोडवतं. सुरुवातीला फिल्टर लवकर चोंदणार. एक जादा फिल्टर आणि पाना गाडीत असू द्या.

कॉस्टिक_सोडा
आधी माल तपासा. २७ मिली मिथेनॉलमध्ये ३ मिली बायोडिझेल टाकून हलवा, अर्धा तास ठेवा. तळाला तेल बसलं तर तेलाचं बायोडिझेल करायची प्रक्रिया अर्धवट झालीय. मिथेनॉल विषारी आहे, उघड्यावर करा, जवळ विस्तव नको. फरसाणवाले बहुतेक पामतेल वापरतात. त्याचं बायोडिझेल १५ अंशांच्या आसपासच गढुळतं. डिसेंबरात जतला पहाटे गाडी काढणार असाल तर साधं डिझेलच भरा.

पुणेरी_एसयूव्ही
माझ्या बीएस६ गाडीत चालेल का?

नोझलपंपवाले_काका
नको. धुराचा फिल्टर साफ करायला ती गाडी जादा डिझेल मारते. बायोडिझेल लवकर उडत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं की खूश होऊ नका.

जतचा_बोलेरोवाला
काका, पाइप बदलले. कॉस्टिकभाऊंनी सांगितलेली चाचणीही केली. तळाला तेल बसलं. विकणाऱ्याला बाटली दाखवली तर म्हणतो, "थंडीमुळे." मे महिना चालू आहे.