स्थलांतरितांची टीबी तपासणी : सीमेवरचा एक्स-रे पुरेसा आहे का?

धागाकर्ता
कामासाठी किंवा आश्रयाला येणाऱ्यांचा छातीचा एक्स-रे अनेक देश प्रवेशाआधीच काढतात. एवढ्यावर थांबणं चुकीचं आहे, असं माझं मत. सुप्त संसर्ग (जंतू शरीरात आहेत, पण आजार नाही) असलेल्याचा एक्स-रे बहुधा स्वच्छच येतो, आणि टीबी कमी असलेल्या देशांत स्थलांतरितांमध्ये निघणारे बरेचसे रुग्ण जुना संसर्ग उफाळून आल्यामुळेच आजारी पडलेले असतात. म्हणून दवाखान्यात नाव नोंदवतानाच टीबीचा संसर्ग शोधणारी रक्ताची इग्रा चाचणी व्हावी. त्याच कामाची त्वचेवरची ट्युबरक्युलिन चाचणी बीसीजी (टीबीची लस) टोचलेल्यांत खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. शिवाय ती बघायला ४८ ते ७२ तासांनी परत बोलवावं लागतं. रोजंदारी बुडवून कोण येणार?

प्रतिसाद १
असहमत. इग्रा फक्त संसर्ग झालाय एवढंच सांगते; आजार सुप्त आहे की सक्रिय, हे तिला कळत नाही. संसर्ग झालेल्यांपैकी आयुष्यभरात ५ ते १० टक्क्यांनाच टीबी होते. उरलेल्या धडधाकट माणसांना यकृतावर ताण आणणाऱ्या गोळ्या द्यायच्या का? त्याहून मोठा धोका वेगळाच आहे. सक्रिय टीबी नजरेतून सुटली आणि प्रतिबंधक म्हणून एकटं आयसोनियाझिड दिलं, तर जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. आधी खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजनातली घट विचारा, एक्स-रे काढा, शंका आली तर थुंकी तपासा. प्रवेशाआधीचा एक्स-रे संसर्ग पसरवू शकणारे रुग्ण शोधतो, ते काम हलकं समजू नका.

प्रतिसाद २
दोघंही चाचणीवर भांडताय, पण माणसं गळतात ती चाचणीनंतर. रोज ६ ते ९ महिने आयसोनियाझिड घेणं काम बदलत फिरणाऱ्याला जमत नाही. आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन आठवड्यातून एकदा, असे १२ डोस, किंवा ४ महिने रोज रिफॅम्पिसिन, हे पर्याय पूर्ण होण्याची शक्यता जास्त.

पण रिफॅम्पिसिन आणि रिफापेंटिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम घटतो, मेथाडोनचाही (अफूजन्य व्यसनावरच्या उपचारातलं औषध). यातलं काही घेता का, हे एखाद्या आईला विचारताना दुभाषी म्हणून तिचा दहा वर्षांचा मुलगा बसवला, तर खरं उत्तर मिळेल का? फोनवरचा प्रशिक्षित दुभाषी हवाच. या औषधांनी लघवी नारिंगी होईल, हेही तिच्या भाषेत पहिल्याच दिवशी सांगा. नाही सांगितलं तर रक्त जातंय समजून माणूस गोळ्या सोडतो.

प्रतिसाद ३
आणि खर्च? कागदपत्रं नसलेल्यांनाही फुकट उपचार दिले, तर नियमाने पैसे भरणाऱ्यांवर अन्याय नाही का?

धागाकर्ता
@३, नाही. खोकणारा माणूस बिलाच्या किंवा पकडलं जाण्याच्या भीतीने घरीच राहिला, तर जंतू त्याच्याच खोलीत राहणाऱ्यांपर्यंत पोचतात. उपचार मोफत हवेतच, शिवाय दवाखान्यातली नोंद परदेशी नागरिक विभागाकडे जाणार नाही, ही कायदेशीर हमीही हवी.

@१, सरसकट चाचणीचा आग्रह सोडतो. जास्त प्रादुर्भावाच्या देशातून नुकतेच आलेले, एचआयव्ही असलेले, रुग्णाच्या घरातले, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू होणारे, एवढ्यांना इग्रा द्या, आणि सक्रिय टीबी नाही याची खात्री झाल्यावरच गोळ्या.

प्रतिसाद १
हे मान्य. एक भर घाला : उपचार चालू असताना गाव बदलणाऱ्याच्या हातात चिठ्ठी हवी. औषधं, मात्रा, सुरुवातीची तारीख, झालेले डोस, थुंकीचा निकाल, कोणत्या औषधाला जंतू दाद देत नाहीत. ही चिठ्ठी नसली की पुढचा डॉक्टर पहिल्यापासून सुरू करतो, नाहीतर अंदाजाने.