हेल्थ अॅडमिनची दोन वर्षांची डिग्री: कर्ज कमी म्हणून फायद्याची?

एडिसनकर
शेजारच्या धाग्यावर 'रॅरिटनकाठ' यांचा सल्ला: "कम्युनिटी कॉलेजमधून (अमेरिकेतलं स्वस्त सरकारी कॉलेज) हेल्थ अॅडमिनिस्ट्रेशनची दोन वर्षांची असोसिएट डिग्री घ्या. कर्ज नावापुरतं, पगार वर्षाला लाख डॉलरच्या वर." खाली बऱ्याच जणी 'लगेच अॅडमिशन घेते' म्हणताहेत, ते वाचून राहवलं नाही.

तो लाखाचा आकडा हेल्थ सर्व्हिसेस मॅनेजरचा आहे. अमेरिकी कामगार खात्याच्या मे २०२४ च्या आकड्यांत त्यांचा मध्यम पगार वर्षाला साधारण १ लाख १८ हजार डॉलर. त्याच पानावर लिहिलंय की या पदाला सहसा चार वर्षांची बॅचलर्स लागते. दोन वर्षांच्या डिग्रीवर मिळतं ते फ्रंट डेस्क, बिलिंग नाहीतर मेडिकल रेकॉर्ड्स. रेकॉर्ड्सवाल्यांचा मध्यम पगार ५० हजारांच्या आसपास, म्हणजे निम्मासुद्धा नाही.

आणि कॉलेज स्कोअरकार्डवरचं (कॉलेजांची कर्जं-पगार दाखवणारी सरकारी वेबसाइट) मध्यम कर्ज फक्त कर्ज काढणाऱ्यांचं असतं. पगार मात्र फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची मदत घेतलेल्या सगळ्यांचा, त्यात नुसती पेल ग्रँट (परत न फेडायची मदत) घेणारेही आले. दोन रकाने, दोन वेगळे गट. त्यांचा भागाकार करून कुणाचं भविष्य ठरवू नका.

रॅरिटनकाठ
माझं नाव घेऊन धागा काढलात, तर उत्तरही ऐका. १२ हजार कर्ज धरा. २०२५-२६ चा फेडरल कर्जाचा व्याजदर ६.३९ टक्के, १० वर्षांची फेड: महिन्याला १३६ डॉलर. ४० हजारांच्या नोकरीतही ते झेपतं. चार वर्षं खाजगी विद्यापीठात काढलेल्यांचे हप्ते विचारा एकदा.

माझी मुलगी कम्युनिटी कॉलेज करून हॉस्पिटलच्या रजिस्ट्रेशन डेस्कवर लागली. पुढच्या बॅचलर्सची फी हॉस्पिटल भरतंय. अशी वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची मदत करमुक्त असते. पोरगी कर्ज न काढता शिकतेय. हे तुमच्या रकान्यांत कुठे बसतं?

पार्सिपनीवाला
काका, तुमच्या मुलीची डिग्री एएस (पुढे शिकायला जाणाऱ्यांची सायन्सची असोसिएट) असणार. माझी एएएस, म्हणजे थेट नोकरीसाठीची, होती. न्यू जर्सीचा ट्रान्सफर करार एए (आर्ट्सची असोसिएट) आणि एएसला लागू आहे, त्यात सरकारी विद्यापीठात ६० क्रेडिट्स धरली जातात. एएएसला तो करार नाही. माझी निम्मी क्रेडिट्स बुडाली. अॅडव्हायझरने एका शब्दाने सांगितलं नव्हतं. आजही आठवलं की डोकं फिरतं.

रॅरिटनकाठ
प्रवेश घेताना वाचायचं असतं.

पार्सिपनीवाला
अठराव्या वर्षी? घरात कुणी अमेरिकेत शिकलेलं नसताना?

सांगलीची_बीएचएमएस
अवांतर होईल, पण बोलतेच. साडेपाच वर्षं बीएचएमएस, मग स्वतःचा दवाखाना, मग लग्न आणि एच-४ (इथे नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा). इथे यूएसएमएलईला (डॉक्टरी परवान्याची परीक्षा) बसायची सोय एमबीबीएसवाल्यांना, आम्हाला नाही. मंडळाच्या गणपतीत दरवर्षी कुणीतरी काकू जवळ येऊन म्हणणार, "अगं, मेडिकल कोडिंग कर की, बिलांसाठी आजारांना कोड द्यायचे, घरबसल्या होतं." मी पेशंट तपासलेत. मला कुणी विचारत नाही की तुला काय करायचंय.

खराडीहून
ताई, मी पुण्यात मेडिकल कोडिंगची टीम सांभाळतो. डिग्रीच्या नादी लागायच्या आधी एवढं ऐका. सीपीसी (कोडरचं सर्टिफिकेट) परीक्षेला कॉलेजची डिग्री लागत नाही. पास झाल्यावर अनुभव नसेल तर नावापुढे अप्रेंटिसचा 'ए' लागतो, आणि तिथेच लोक अडकतात. अमेरिकेतली नवशिक्यांची बरीच कामं आता चेन्नई, हैदराबाद, पुण्यात होतात. आमच्याकडे बीएचएमएस, बीएएमएस, फिजिओ झालेली मुलं रांगेने येतात.

रॅरिटनकाठ
म्हणजे तुम्हीच इथल्या पोरांच्या नोकऱ्या नेताय, आणि वर आम्हालाच अक्कल शिकवताय!

खराडीहून
मी कुणाची नोकरी पळवली नाही. काम पाठवणारं तुमचंच हॉस्पिटल आहे. रात्रपाळी करून आमच्या पोरींना काय पगार मिळतो, तो ऐकलात तर हे लिहायला हात धजावला नसता.

सांगलीची_बीएचएमएस
म्हणजे मी सांगलीत राहिले असते तरी तेच काम, आणि न्यू जर्सीत आले तरी तेच. संताप येतो हो.

एडिसनकर
ताईंच्या बोलण्यात माझा मुद्दा आहे, म्हणून परत येतो. एच-४ वाल्यांना ना पेल ग्रँट मिळते, ना फेडरल कर्ज. म्हणजे स्कोअरकार्डच्या पगारातही त्या नाहीत आणि कर्जातही नाहीत. त्यांची फी नवऱ्याच्या पगारातून जाते, मूल लहान असेल तर वर डेकेअर. हे कर्ज म्हणून कुठेच नोंदलं जात नाही, आणि मग आपण म्हणतो 'कर्ज शून्य'. शिवाय नवऱ्याची आय-१४० (ग्रीनकार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर नसेल, तर सहसा ईएडी (काम करायची परवानगी) नाही. डिग्री हातात आणि नोकरीला बंदी.

पार्सिपनीवाला
यात भर. रेकॉर्ड्सच्या कामात आरएचआयटी (रेकॉर्ड्स तंत्रज्ञाच्या) सर्टिफिकेटला वजन आहे, आणि त्या परीक्षेला बसायला सहसा काहिम-मान्य (काहिम ही अशा कोर्सना मान्यता देणारी संस्था) प्रोग्रॅममधून पास व्हावं लागतं. 'हेल्थ अॅडमिनिस्ट्रेशन' नाव असलेली प्रत्येक डिग्री त्यात येत नाही. पैसे भरायच्या आधी मान्यता बघा.

रॅरिटनकाठ
बरं, लाखाचा आकडा मॅनेजरचा, हे मान्य. मी बॅचलर्सनंतरचं बोलत होतो, तसं लिहायला हवं होतं म्हणा. पण ग्रीनकार्ड असलेल्या, ६५ हजारांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलीला न्यू जर्सीत कम्युनिटी कॉलेजची ट्यूशन माफ होऊ शकते. तिला तुमचा धागा वाचून घरी बसायला लावू नका.

एडिसनकर
तिला कोण अडवतंय? तिने एएस घ्यावी, पुढे बॅचलर्सला जावं. पण त्या धाग्यावर विचारणाऱ्या बहुतेक जणी एच-४ वर आहेत. तुमचा सल्ला तिथे अजून तसाच आहे. आधी तो दुरुस्त करा.

सांगलीची_बीएचएमएस
माझं ठरत आलंय. बीएचएमएसचं इथल्या डिग्रीच्या तुलनेत मूल्यांकन करून घेते आणि एमपीएच (सार्वजनिक आरोग्य) किंवा एमएचए (आरोग्य प्रशासन) या मास्टर्सला अर्ज करते. खर्च खूप आहे, माहीत आहे. पण पुन्हा बारावीनंतरच्या वर्गात जाऊन बसणार नाही. कुणी या वाटेने गेलं असेल तर फीचं कसं जमवलं, ते कृपया लिहा. कोडिंगचे सल्ले नकोत.