मेमध्ये गावाला जायचंय, गॅलरीतल्या कुंड्यांचं काय करू?

मैना_पुणे:
नमस्कार मंडळी. आमची सिंहगड रोडला चौथ्या मजल्यावर पश्चिमेची गॅलरी आहे, दुपारी दोनला जे ऊन येतं ते सहा वाजेपर्यंत हलत नाही. पंचवीसेक कुंड्या आहेत, मोगरा, कढीपत्ता, तुळस, गवती चहा, पुदिना, कोरफड, मिरच्या आणि लेकीने शाळेच्या प्रोजेक्टसाठी लावलेले टोमॅटो जे आता तिचा जीव की प्राण झालेत. मेमध्ये आम्ही तिघं दोन आठवडे माझ्या माहेरी गुहागरला जाणार. सासूबाई येत नाहीयेत, त्यांना तिकडची चिकचिक सोसत नाही, म्हणतात मी घालते की पाणी, त्यात काय. पण त्यांचे गुडघे दुखतात, बादली उचलायची बंदी आहे, आणि दुसरं म्हणजे माया जरा जास्तच, झाड दुपारी मलूल दिसलं की लगेच तांब्याभर पाणी, कोरफडीला सुद्धा!! त्यांना नका घालू म्हणायची माझी तरी छाती नाही. नवरा म्हणतोय टायमरवालं ठिबकचं किट मागवू. पण सोसायटीत नळाला पाणी सकाळी तासभरच असतं. कुणी वापरलंय का असं काही?
आणि टोमॅटोला फुलं ढीगभर येतायत पण फळ धरत नाही. लेक रोज सकाळी फुलं मोजते आणि गळालेलं दिसलं की रुसून बसते, तिला काय सांगू?

संत्रानगरी:
टोमॅटोचं आधी सांगते. पारा 35 च्या वर गेला आणि रात्रीही गार झालं नाही की त्याचे पराग नीट काम करत नाहीत, फूल वाळून गळतं. खत घालून काही होत नाही, उलट या उन्हात खत देऊच नकोस. लेकीला सांग झाडाला उन्हाळ्याची सुट्टी लागलीये 😄 पावसाळ्यात गारवा आला की परत धरेल, तोवर जगवा फक्त. आमच्या नागपुरात 45 च्या आसपास जातं तेव्हा मी टोमॅटोचा नादच सोडते, गवार भेंडी लावते, ती मजेत असतात. हिरवी नेट बांधली का? 50 टक्के ऊन अडवणारी घे, त्याहून दाट घेतलीस तर मोगरा फुलणार नाही, त्याला ऊन हवंच.

बापू_कुंडीवाले:
टायमर विसरा. तो सहसा नळाला लावायचा आणि ठरल्या वेळी नळाला पाणी असावंच लागतं. तुमचं पाणी सकाळी तास, त्यात एखाद दिवस उशिरा आलं की टायमर कोरडाच चालू होऊन बंद होणार आणि घरी फक्त आई, त्या काय ते बटणं दाबत बसणार. त्यापेक्षा वात. जुनी सुती साडी किंवा धोतर, त्याच्या बोटभर जाड पट्ट्या पिळून घ्यायच्या, एक टोक बादलीत तळापर्यंत, दुसरं कुंडीच्या मातीत चार बोटं खोल. बादली विटेवर, कुंडीपेक्षा जरा उंच. एका बादलीभोवती चार-पाच कुंड्या बसतात. नायलॉनची साडी घेऊ नका, सुतीइतकं पाणी ओढत नाही. बादली झाकायची, नाहीतर डासांची शाळा भरेल, डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो, आठ-दहा दिवस पुरतात त्याला. मोठ्या कुंडीत मात्र बिनझिलईचं छोटं मडकं गळ्यापर्यंत पुरा आणि तोंडावर पणती उपडी. माती सुकेल तसं झिरपतं. आणि सगळ्या कुंड्या कठड्यावरून खाली, भिंतीला चिकटवून, एकमेकींना खेटून ठेवा, वर वाळलेल्या पानांचा नाहीतर नारळाच्या शेंड्यांचा थर. निम्मी तहान तिथेच कमी होते, बाकी सगळं नंतरचं.

अनुराधा७:
बापूंचं पटलं पण खरा प्रश्न आजींचा आहे ना, झाडांचा नाही. त्यांना काम काढून घेतल्यासारखं वाटायला नको. आमच्याकडे सासऱ्यांसाठी मी कुंड्यांवर खडूने खुणा केल्या होत्या, एक रेघ म्हणजे रोज, दोन म्हणजे दिवसाआड, फुली म्हणजे हात लावायचा नाही. कुणाला काही बोलावं लागत नाही. दुपारी पान मान टाकतं आणि संध्याकाळी परत ताठ होतं, ते तहानेने नसतं, हे सांग त्यांना, बोट मातीत घालून बघायचं, ओलं लागलं तर राहू द्यायचं. आणि बादली कशाला उचलतायत, वॉशिंग मशीनच्या नळाला पाइप लाव ना.

खवचट_पुणेकर:
आरओचं वाया जाणारं पाणी घाला की, आम्ही तेच घालतो.

बापू_कुंडीवाले:
अहो त्यात क्षार एकवटलेले असतात, रोज घातलं तर कुंडीच्या कडेला पांढरी पुटं चढतात आणि पानांचे शेंडे जळतात. लादी पुसायला वापरा.

खवचट_पुणेकर:
आमची झाडं अजून हयात आहेत.

बापू_कुंडीवाले:
फोटो टाका 🙂

गुहागरकर:
माहेर गुहागर वाचून राहवलं नाही. येताना आंबे आणणारच आहात तर थोडं रतांब्यांचं, म्हणजे कोकमाचं बी पण न्या, आणि घरचं पडवळाचं, काकडीचं बी कुणा आजीकडे चुलीवरच्या शिंक्यात असेल ते मागून घ्या. मृग लागला की, म्हणजे 7-8 जूनच्या सुमारास टाकायचं. टोमॅटोचं दुःख विसरेल पोर, काकडीचा वेल चार दिवसांत दिसतो.

मैना_पुणे:
सगळ्यांना खूप थँक्यू!! किट कॅन्सल, नवऱ्याचं तोंड एवढंसं झालंय. आईंना खडूच्या खुणांचं सांगितलं तर म्हणाल्या मीच काढते, आणि कोरफडीवर स्वतः फुली मारली, पण तुळशीला खूण करू दिली नाही, तिला आंघोळ झाल्यावर पाणी घालणारच, ओली असो नाहीतर कोरडी. त्यावर मी गप्प. लेक जुनी साडी फाडायला बसलीये. बापू, वाती आत्ताच लावू की जायच्या आदल्या दिवशी?

बापू_कुंडीवाले:
आत्ताच. वात आधी पूर्ण भिजवून मगच लावायची, कोरडी लावली तर पाणी ओढायला सुरुवातच करत नाही. दोन दिवस बघा बादली किती उतरते, त्यावरून कळेल आईंना किती दिवसांनी भरायला लागेल. जिथे वात जास्त ओढतेय तिथे पट्टी बारीक करा. तुळस राहू द्या त्यांच्याकडे, फक्त तिच्या कुंडीचं खालचं भोक मोकळं आहे ना बघून घ्या.